व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला पहिल्यांदाच जाताय? मग दिवस असे लावा

सगळ्यात आधी एक क्लिअर करते, उत्तराखंडमधल्या या फुलांच्या व्हॅलीत राहता येत नाही. नॅशनल पार्क आहे, टेंट लावायला बंदी, सकाळी आत जायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर. मुक्काम खाली घांघरिया गावात. तिथे तीन रात्री धरा, दोनमध्ये उरकायला गेलात तर गुडघे शिव्या देतात (आमच्या ग्रुपने हेच केलं होतं).

जोशीमठहून बद्रीनाथच्या रस्त्याला गोविंदघाट, तिथून जीपने पुलना, आणि पुढे साधारण दहा किलोमीटर चढ. घांघरिया ३,००० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच, त्यामुळे राजगड धावत चढणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी हळूच चाला आणि पाणी पीत राहा. कॅश जोशीमठलाच काढून ठेवा, वर यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या दिवशी व्हॅली. गेट सात वाजता उघडतं, तेव्हाच हजर राहा, कारण दुपारनंतर ढग खाली येतात आणि समोरचे डोंगर गायब. गावाबाहेर फाटा लागतो, उजवीकडचा हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याला जातो, आपण डावीकडे. पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की दमवणारा चढ आहे, बरेच जण इथेच परतायचा विचार करतात, प्लीज करू नका, तो संपला की व्हॅली एकदम उघडते. खेचरं आत सोडत नाहीत त्यामुळे वाट शांत असते.

आता फुलांबद्दल, फोटो बघून गालिचा अंथरलेला असेल असं डोक्यात घेऊन गेलात तर थोडा हिरमोड होईल. काही ठिकाणी गुलाबी तेरड्याचं रान माजलेलं असतं खरं, पण बाकीची मजा वाकून बघण्यात आहे. निळी पॉपी तर चटकन दिसतच नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहर, आणि पाऊसही तेव्हाच, हा सौदा मान्य असेल तरच या. पार्क १ जूनला उघडतं पण तेव्हा बर्फ जास्त, फुलं कमी.

बहुतेक लोक पहिल्या मोकळ्या मैदानावर डबा खाऊन परत फिरतात. तुम्ही अजून थोडं पुढे जा, जोन मार्गारेट लेग यांची कबर आहे, फुलांचा अभ्यास करायला आल्या आणि १९३९ मध्ये इथेच पाय घसरून गेल्या. तिथे गर्दी नसते, आम्ही अर्धा तास नुसतेच बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी हेमकुंड साहिब. सहाच किलोमीटर, पण हजार मीटरहून जास्त चढ, खरी परीक्षा हीच! वर ४,००० मीटरच्या पुढे आहात, डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर हिरोगिरी नको, सरळ खाली उतरा. ब्रह्मकमळ बघायचं असेल तर ते याच वाटेवर, वरच्या टप्प्यात, तोडायचं मात्र नाही. तळ्याचं पाणी बर्फाचं, आणि गुरुद्वाऱ्यात लंगरची गरम खिचडी आणि चहा. वर मुक्काम नसतो, दुपारी उतरायला लागा.

सामानात पॉन्चो, चांगल्या ग्रिपचे बूट, काठी आणि मोज्यांचे भरपूर जोड. आणि परतीच्या ट्रेनआधी एक दिवस रिकामा ठेवाच, दरड कोसळली की बद्रीनाथचा रस्ता कधी सुटेल काही सांगता येत नाही.