उंदराचं अंग गार पडू देऊ नका

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बी.फार्म करून बेळगावात एम.फार्मला फार्माकॉलॉजी (औषधाचा शरीरावरचा परिणाम) घेणाऱ्यांना एक विषय हमखास खुणावतो: उंदराच्या किडनीचा रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केल्यावर होणारी इजा, आणि ती टाळणारं औषध. जरूर घ्या. प्रत्यारोपणात आणि हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनात किडनीवर हीच वेळ येते.

रक्त थांबलं की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, संपतं; मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, सक्सिनेट नावाचा पदार्थ साचतो. रक्त परतताच तो झपाट्याने जळतो आणि पेशीला इजा करणाऱ्या मुक्त कणांचा (फ्री रॅडिकल्स) लोंढा सुटतो. मागोमाग न्यूट्रोफिल, म्हणजे सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतात. म्हणजे रक्त परत येणं हाही एक घावच. किडनीच्या स्लाइडवर आधी बाहेरचा मेड्युला, म्हणजे आतल्या गाभ्याचा बाहेरचा थर, बघा. तिथे प्राणवायू एरवीही बेताचाच असतो, म्हणून प्रॉक्सिमल ट्यूब्यूलचा (मूत्र बनवणाऱ्या नळीचा पहिला भाग) शेवटचा, एस-३ भाग सर्वांत आधी मरतो.

आता मुद्द्याचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात खोली गार असते, आणि भूल दिलेल्या उंदराचं अंग बघता बघता थंड होतं. थंड पेशीला प्राणवायू कमी लागतो, इजाही कमी होते. दान केलेली किडनी ४ अंशांच्या आसपास थंड द्रावणात ठेवून नेतात ती याचसाठी. पण प्रयोगात औषधाच्या गटातले उंदीर जरा जास्त गार राहिले, तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढणारा घटक) कमी येतं आणि श्रेय औषधाला जातं. असा निकाल कुणाही रुग्णाच्या उपयोगाचा नाही. म्हणून गुदद्वारात प्रोब, खाली हीटिंग पॅड, किडनीच्या रक्तवाहिनीवर क्लॅम्प (चिमटा) लावल्यापासून काढेपर्यंत ३७ अंश. आणि प्रत्येक नोंद वहीत.

क्लॅम्प लावल्यावर किडनी काळपट जांभळी पडते, काढल्यावर लाली परतते. परतली नाही तर त्या उंदराचं काय करायचं, हे प्रयोगाआधीच लिहून ठेवा. नर-मादी मिसळू नका, मादीला इजा कमी होते. ॲनिमल हाउस सांभाळणाऱ्या मामांशी मोडक्या का होईना, कन्नडात बोलत जा. कुठला उंदीर कालपासून खात नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आणखी एक. बहुतेक जण औषध क्लॅम्पच्या आधी देतात. ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते ठीक. पण अतिदक्षता विभागातला रुग्ण इजा झाल्यावरच आपल्या हाती येतो. रक्त सुरू झाल्यानंतर औषध देण्याचा एक गट ठेवाच, आणि प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात उंदरांची संख्या तो धरूनच मागा. नंतर वाढवायची म्हटलं तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.