फ्लाय फिशिंगच्या आवश्यक गाठी: रिळापासून गळापर्यंत

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे कृत्रिम फ्लाय फेकून मासे धरण्याच्या पद्धतीत, रिळापासून गळापर्यंत एकच अखंड दोरा नसतो. रिळावर आधी बॅकिंग, म्हणजे जादा राखीव दोरा, गुंडाळलेले असते, त्याला जाड आणि वजनदार फ्लाय लाइन जोडलेली असते, तिच्या टोकाला निमुळता होत गेलेला पारदर्शक दोरा म्हणजे लीडर, लीडरला टिपेट हा बारीक दोरा आणि सर्वांत शेवटी गळावर पिसे व धागे गुंडाळून बनवलेली फ्लाय. म्हणजे एकूण पाच जोड झाले. त्यांतले पहिले तीन घरी टेबलावर बसून सावकाश करता येतात आणि बरेच दिवस टिकतात. शेवटचे दोन मात्र काठावर, वाऱ्यात, ओल्या हातांनी आणि कधीकधी अंधूक उजेडात पुन्हा पुन्हा करावे लागतात. म्हणून सरावाचा बहुतेक वेळ या दोन जोडांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा गाठी अर्धवट येण्यापेक्षा दोन गाठी न बघता बांधता येणे अधिक उपयोगाचे असते.

कोणतीही गाठ असो, ती आवळण्याची रीत एकच आहे. वेढे घेऊन झाले की गाठ पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी आणि मगच एकसारख्या ताणाने, हिसका न देता ओढावी. कोरडा नायलॉन स्वतःवरच घासला की घर्षणाने तापतो, तापल्यामुळे कमकुवत होतो, आणि अशी गाठ दिसायला निर्दोष असूनही मोठा मासा लागताच दगा देते. वेढे एकमेकांवर चढलेले दिसले तर गाठ कापून नव्याने बांधावी; ओढून ती सरळ होईल, अशी आशा धरू नये.

रिळाला बॅकिंग बांधण्यासाठी आर्बर नॉट पुरते. बॅकिंग रिळाच्या आसाभोवती फिरवून सुट्या टोकाची साधी गाठ मूळ दोऱ्याभोवती मारावी, सुट्या टोकालाच आणखी एक साधी गाठ द्यावी आणि मूळ दोरा ओढावा. पहिली गाठ आसापर्यंत सरकते आणि दुसरी तिला अडते. या गाठीवर क्वचितच ताण येतो, त्यामुळे तिची फार काळजी करू नये.

फ्लाय लाइनला लीडर जोडण्यासाठी नेल नॉट वापरतात. लाइनच्या टोकाशेजारी खिळा किंवा, त्याहून सोयीची, बारीक पोकळ नळी समांतर धरावी. लीडरचे जाड टोक लाइनच्या आतल्या बाजूकडे वळवून त्यांच्याशेजारी ठेवावे आणि वीतभर लांबी मोकळी सोडावी. या मोकळ्या टोकाने लाइन, नळी आणि लीडर या तिन्हींभोवती, लाइनच्या टोकाकडे सरकत, एकाला एक लागून पाच ते सहा वेढे घ्यावेत. मग टोक नळीतून मागे ओवावे, वेढे चिमटीत पक्के धरून नळी काढून घ्यावी आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू ओढावे. वेढे लाइनच्या मऊ आवरणात किंचित रुतले की गाठ बसली. याच पद्धतीने बॅकिंगही लाइनच्या मागच्या टोकाला जोडता येते.

आजकाल बहुतेक लाइन आणि लीडर तयार फासांसह मिळतात. तेव्हा लीडरचा फास लाइनच्या फासावर चढवावा, लीडरचे बारीक टोक लाइनच्या फासातून ओवून संपूर्ण लीडर ओढून घ्यावा. दोन्ही फास एकमेकांत सारखे अडकलेले दिसले पाहिजेत. एका फासाने दुसऱ्याचा गळा आवळलेला दिसला तर जोड सोडून पुन्हा करावा, कारण तसा जोड लाइनला कापत जातो.

आता टिपेट. त्याची जाडी एक्स या मापाने सांगतात आणि आकडा वाढला की जाडी कमी होते. अकरातून तो आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशांत मिळते. म्हणजे ५ एक्स टिपेट ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असते. लीडरच्या टोकाला टिपेट जोडताना मी डबल सर्जन्स नॉटच सुचवेन. दोन्ही टोके सुमारे १५ सेंटिमीटर एकमेकांवर समांतर ठेवावीत, दोन्ही दोऱ्यांचा मिळून एक मोठा फास करावा आणि लीडरचे सुटे टोक व संपूर्ण टिपेट त्या फासातून दोनदा बाहेर काढावे. गाठ ओली करून चारही टोके एकाच वेळी ओढावीत. एखादे टोक सैल राहिले तर गाठ वाकडी बसते. फ्लुओरोकार्बनचा दोरा नायलॉनच्या दोऱ्यापेक्षा कडक असल्याने त्यासाठी फासातून तिसरा फेरा द्यावा. जाडीत बऱ्यापैकी फरक असलेले दोरेही ही गाठ सांभाळून घेते. ब्लड नॉट अधिक सडपातळ व देखणी असते आणि गळाच्या काठीवरच्या कड्यांतून अलगद सरकते, पण ती दोन्ही दोरे जवळपास सारख्या जाडीचे असतानाच भरवशाची ठरते, आणि गार बोटांनी ती बांधणे हे संयमाचे काम आहे.

फ्लाय बांधण्यासाठी इम्प्रूव्ह्ड क्लिंच नॉट पुरेशी आहे. टिपेटचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवून दहा-बारा सेंटिमीटर बाहेर काढावे आणि मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्यावेत. हे करताना नेढ्याला लागून तयार झालेला छोटा फास बोटाच्या टोकाने उघडा धरून ठेवावा, कारण नवशिक्यांच्या हातून तो इथेच हरवतो. सुटे टोक त्या छोट्या फासातून ओवावे, त्यामुळे बनलेल्या मोठ्या फासातून पुन्हा एकदा न्यावे, गाठ ओली करावी आणि मूळ दोरा ओढावा. वेढे स्प्रिंगसारखे एकाला एक लागून बसून नेढ्याला भिडले पाहिजेत. टोक दीडेक मिलिमीटर ठेवून कापावे. टिपेट जाड असेल तर चार वेढेच घ्यावेत, नाहीतर गाठ पूर्ण आवळलीच जात नाही.

पाण्याखाली लहान माशासारखी हलावी अशी अपेक्षा असलेल्या मोठ्या फ्लायसाठी मात्र न सरकणारा फास बांधावा, म्हणजे तिला डोलायला मोकळीक मिळते. दोऱ्यात आधी एक सैल साधी गाठ टाकावी, टोक नेढ्यातून ओवून त्याच गाठीतून, ते जिथून बाहेर आले त्याच बाजूने परत आत घालावे, मूळ दोऱ्याभोवती चार-पाच वेढे देऊन पुन्हा त्या गाठीतून त्याच बाजूने परत काढावे आणि आवळावे.

मासा निसटला तर टिपेटचे टोक बोटांत घेऊन नीट पाहावे. ते डुकराच्या शेपटीसारखे कुरळे झाले असेल तर गाठ सरकून सुटली, म्हणजे वेढे कमी पडले किंवा आवळणे अपुरे राहिले. टोक सरळ तुटलेले असेल तर दोराच तुटला. तेव्हा त्यावर आधीच खरचटल्याची खूण होती का, हे तपासावे. फेकताना हवेत आपोआप पडणाऱ्या साध्या गाठीही याला कारणीभूत असतात, कारण त्या दोऱ्याची ताकद बरीच कमी करतात. म्हणून अधूनमधून टिपेट बोटांतून सरकवून पाहावे, गाठ लागली आणि ती अजून सैल असली तर सुईने सोडवावी; घट्ट बसली असेल तर तेवढा भाग कापून फ्लाय पुन्हा बांधावी.