दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या मुलांमध्ये जंतूंची पीसीआर तपासणी: या चुका टाळा

पहिली चूक नळीची. पीसीआर म्हणजे नमुन्यात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी. हिरव्या टोपणाच्या रक्ताच्या नळीत हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) असतं आणि ते पीसीआरला अडवतं. जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची नळी हवी; ईडीटीएही रक्त गोठू देत नाही. चूक कळली की रक्त पुन्हा घ्यावं लागतं. केमो चालू असलेल्या चार वर्षांच्या मुलीला दुसऱ्यांदा सुई टोचताना तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. तेव्हापासून मी नमुना यायच्या आधीच वॉर्डात फोन करून नळीचा रंग सांगतो.

न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला 500 च्या खाली आणि अंगात ताप असेल, तर पीसीआरच्या रिपोर्टची वाट पाहू नका. आधी कल्चरचं (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचं) रक्त घ्या आणि तासाभरात अँटिबायोटिक सुरू करा. पीसीआर आहे म्हणून कल्चर वगळणं तर फारच महागात पडतं. पॅनेलला, म्हणजे अनेक जंतू एकदम शोधणाऱ्या पीसीआरला, त्याच्या यादीतलेच जंतू दिसतात. एनडीएमसारखं, अँटिबायोटिक निकामी करणारं जनुक सापडलं तर कोणती औषधं चालणार नाहीत याचा अंदाज येतो, पण नेमकं कोणतं चालेल हे कल्चरच सांगतं. शिवाय लहान मुलाचं रक्त मिळतं मिलिलिटरभर, त्यात जंतू नसूही शकतो. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवर औषध बंद करू नका. उलट, मेलेल्या जंतूचा डीएनएही पॉझिटिव्ह येतो, म्हणून उपचार लागू पडला का हे पाहायला हे पॅनेल पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही.

अँटिबॉडीच्या तपासण्या या मुलांत फसव्या. ज्याचं शरीर अँटिबॉडी बनवतच नाही त्याची विडाल (टायफॉइडची अँटिबॉडी तपासणी) निगेटिव्हच येणार, आणि आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी) घेणाऱ्याच्या रक्तात दात्यांच्या अँटिबॉडी असतात. इथे जंतूच शोधायला हवा.

मला सगळ्यात जास्त सलते ती बीसीजीची चूक. आपल्याकडे बाळाला जन्मताच डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस देतात. त्यात जिवंत जंतू असतो. स्किडसारखा, प्रतिकारशक्ती जवळपास नसण्याचा जन्मजात आजार असलेल्या बाळात तो अंगभर पसरू शकतो. तीन-चार महिन्यांचं बाळ, डाव्या काखेत मोठी गाठ, वजन वाढत नाही, तोंडातला पांढरा थर जात नाही. गाठीतला पू जीनएक्सपर्टला (टीबीच्या पीसीआर यंत्राला) जातो, 'एमटीबी डिटेक्टेड', म्हणजे टीबीचा जंतू सापडला, असं येतं आणि टीबीची नेहमीची औषधं सुरू होतात. पण ही तपासणी टीबीच्या जंतूचं सगळं कुटुंबच पकडते, त्यात बीसीजीही आला. बीसीजीवर त्यातलं पायराझिनामाइड चालतच नाही. आणि प्रतिकारशक्तीची तपासणी राहून जाते ती राहूनच जाते.

अशा नमुन्यावर दोघांना वेगळं करणारी पीसीआर मागा. ती डीएनएतला आरडी-1 हा भाग पाहते. टीबीच्या जंतूत तो असतो, बीसीजीत नसतो. सोबत प्रतिकारशक्ती तपासायला लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या उपप्रकारांची मोजणी पाठवा. मुंबईत परळची एनआयआयएच ही संस्था जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान करते. आणि त्या घरात दुसरं बाळ येणार असेल, तर त्याची तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवायला त्याच भेटीत सांगा, फाइलवरही लिहा.