लेकरू आईचं दूध किती पितं? जड पाण्याने मोजायची रीत

पाजण्याआधी आणि नंतर लेकराचं वजन करून दूध मोजता येतं, पण त्यासाठी आईला दिवसभर घरी बसवावं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत ते होणे नाही. ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या पद्धतीत ती कामावर जाऊ शकते. आई 30 ग्रॅम जड पाणी (साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेलं पाणी) पिते, ते तिच्या अंगातल्या पाण्यात मिसळून दुधावाटे लेकरात उतरतं, आणि 14 दिवसांत दोघांच्या लाळेवरून दुधाचा हिशेब निघतो. ड्यूटेरियम किरणोत्सारी नाही. आईच्या अंगात साधारण 30 लिटर पाणी धरलं तर हा डोस हजारात एक भाग होतो. हे तिला आणि घरच्यांना समजेल असं सांगा, मेळघाटात कोरकूतून सांगा, मगच संमती घ्या.

डोस गावात मोजायचा नाही. प्रयोगशाळेतच 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर मोजून घट्ट झाकणाच्या बाटल्या भरा आणि नेमकं वजन बाटलीवर लिहा. 30.12 भरलं तर गणितात 30.12च जातं.

डोसच्या दिवशी, म्हणजे शून्याव्या दिवशी, आधी दोघांचं वजन, मग दोघांची लाळ, शेवटी डोस. साध्या पाण्यातही दशलक्षात सुमारे 150 ड्यूटेरियम असतंच, ते वजा करायला डोसआधीचा नमुना लागतो. तो चुकला तर पुढचं सगळं वाया. आईने डोस स्ट्रॉने प्यावा, मग बाटलीत 50 मिली पाणी घालून, हलवून तेही, असं दोनदा. पदरावर थेंब सांडला आणि त्याच पदराने लेकराचं तोंड पुसलं, की लेकराचा आकडा फुगलाच.

पुढची लाळ 1, 2, 3, 4, 13 आणि 14 व्या दिवशी, शेतावर निघण्याआधी. खरी वेळ लिहून ठेवा. खाणं-पिणं होऊन अर्धा तास झालेला हवा. तोंडात खर्रा असेल तर चूळ भरायला लावा आणि पुन्हा अर्धा तास थांबा, कारण चुळीचं पाणीही लाळ पातळ करतं. बोळा औषधाच्या दुकानातल्या कापसाचाच घ्या. घरचा कापूस कितीही पांढरा असो, त्यावरच्या नैसर्गिक मेणामुळे तो लाळ शोषत नाही. आईने बोळा तोंडात घोळवावा, मग तो सिरिंजमध्ये घालून 2 मिली लाळ पिळा. लेकरासाठी कापूस काडीला घट्ट गुंडाळा. सुटा बोळा तोंडात कधीच नको, घशात अडकेल.

विदर्भाच्या उन्हाळ्यात सैल झाकण म्हणजे घात. हलकं पाणी आधी उडतं, उरलेल्यात ड्यूटेरियम जास्त दिसतं. म्हणून लगेच झाकण घट्ट, बर्फाची पेटी, नंतर उणे 20 अंश. डोसच्या बाटल्या नमुन्यांच्या पेटीत ठेवू नका.

तपासणीच्या दिवशी नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. गार कुपीत हवेतली वाफ जमून तो पातळ होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून गाळ खाली बसवा आणि वरचं स्वच्छ पाणी एफटीआयआर यंत्राच्या (नमुना किती अवरक्त प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या) सेलमध्ये, म्हणजे नमुन्याच्या कप्प्यात भरा. बुडबुडा राहिला तर पुन्हा भरा. ड्यूटेरियमची खूण 2500 प्रति सेंटीमीटरच्या आसपास दिसते. तुलनेसाठी किलोला 1000 मिलीग्रॅम जड पाण्याचं प्रमाणद्रावण ज्या पाण्यात केलं, तेच पाणी शून्य म्हणून वापरा.

ड्यूटेरियमचा आईचा आलेख उतरत जातो, लेकराचा चढून मग उतरतो. दोन्ही एकत्र बसवले की दुधाशिवाय पोटात गेलेलं पाणीही वेगळं निघतं. घुटी, वरचं पाणी, सगळं त्यात येतं. त्यावरून आईची उलटतपासणी करू नका. 13 आणि 14 दोन्ही दिवस हुकले तर उतार कळत नाही. एक तरी मिळवाच, त्यासाठी शेताच्या बांधावर जावं लागलं तरी.