काढणी झाली, धसकटांना काडी लावण्याआधी

पीक निघालं की रान मोकळं करायची घाई होते आणि हात काडेपेटीकडे जातो. जरा थांबा. पिकाने हंगामभर उन्हातून साठवलेल्या ऊर्जेचा एक वाटा दाण्यांतून घरी आला; उरलेली धसकटं, पाला आणि मुळांत आहे. मातीतली बुरशी, जिवाणू, गांडुळं यांचं पोट त्याच्यावरच चालतं. काडी लावली की तो साठा उष्णता होऊन उडून जातो, सोबत बहुतेक सगळं नत्र (नायट्रोजन) आणि बराचसा गंधकही. राखेत पालाश-स्फुरद (पोटॅश-फॉस्फरस) उरतं, म्हणून पुढचं पीक सुरुवातीला तरतरीत दिसतं. त्याला भुलू नका.

नत्र, स्फुरद माती ते पीक, पीक ते माती असं फिरत राहतं. ऊर्जा मात्र फिरत नाही. खाणारा प्रत्येक जीव तिच्यातला मोठा भाग श्वसनात खर्च करतो. म्हणूनच मातीला दर हंगामात नवा काडीकचरा लागतो.

पण ‘काड गाडलं आणि पीक पिवळं पडलं’ ही तक्रारही खोटी नाही. गव्हाच्या काडात साधारण ८० भाग कर्बाला (कार्बनला) १ भाग नत्र असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना हे प्रमाण २४ ला १ च्या आसपास लागतं. कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात आणि कोवळ्या पिकाच्या तोंडचा घास जातो. तेव्हा काड बारीक करून ओलीत मिसळा आणि पेरणीआधी महिना-दीड महिना हातात ठेवा. उसाच्या पाचटाला टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू द्यावेत.

मधूनमधून मूठभर उकरून बघा. काडीवर पांढरे तंतू दिसले, ती कटकन न मोडता मऊ तुटली, तर काम चालू आहे. घाण वास आला तर पाणी साचलंय, हवा खेळत नाही. रोगट किंवा खोडकिडीने पोखरलेली धसकटं मात्र रानात ठेवू नका.

पुढे उभ्या पिकातही हाच हिशेब. अन्नसाखळीत खालच्या पायरीवरची ढोबळ मानाने दहावा भाग ऊर्जाच वरच्या पायरीला पोचते, त्यामुळे रस शोषणाऱ्या माव्यापुढे त्याला खाणारे ढालकिडे कमीच दिसणार. सरसकट फवारणीत दोन्ही मरतात. पण माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि मावा थोड्याच दिवसांत पुन्हा वाढतो, ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायलाच काही आठवडे लागतात. म्हणून पंप भरण्याआधी पानं उलटून पाहा. नारिंगी ठिपक्यांची, काळपट, मगरीसारखी दिसणारी अळी हे ढालकिड्याचंच पिल्लू. पुष्कळदा तिलाच कीड समजून मारतात. ती दिसली तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा पाहणी करा. मावा तरीही वाढत असेल, तर लागलेल्या ओळींपुरतीच फवारणी करा.