मुरवलेला सिगार चाखताना या चुका टाळा

पाच-सात वर्षं जपलेला सिगार पेटवला आणि मजा आली नाही, की लोक लगेच म्हणतात, ‘मुरवण्यात काही अर्थ नाही.’ पण बहुतेक वेळा चूक वर्षांची नसते. सिगार ओलसर असतो, घाईने ओढलेला असतो, नाहीतर तुलना करायला हाताशी काहीच नसतं.

सगळ्यात मोठा घोळ ओलाव्याचा. ह्युमिडरमध्ये, म्हणजे सिगार साठवायच्या पेटीत, ७० टक्के आर्द्रता हवी, हे पाठ असतं. तेवढ्या ओलाव्याने सिगार खराब होत नाही, पण जाड, तेलकट रॅपरचा (बाहेरून गुंडाळलेल्या पानाचा) असेल तर एका बाजूने जळत जातो, सारखा विझतो आणि पुन्हा पुन्हा पेटवून कडवट होतो. मग वहीत नोंद होते ‘कडवट’, आणि बदनाम होतं वय. चाखायचा सिगार दोन-तीन आठवडे आधीच वेगळ्या हवाबंद डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासोबत ठेवा.

त्याआधी आर्द्रतामापक खरं बोलतो का, तेही पाहा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ते ओलसर करा. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७१ दिसले, तर मापक चार टक्के कमी दाखवतो. म्हणजे ज्याला तुम्ही ७० समजत होता, ते प्रत्यक्षात ७४ होते.

पांढरं दिसलं की खूश होणं

रॅपरवर पांढरी पूड दिसली, की ‘प्लूम (पानातल्या तेलाची पांढरी पूड) आला, उत्तम मुरलाय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं मत स्पष्ट आहे: उलट सिद्ध होईपर्यंत ती बुरशी समजा. ठिपक्याठिपक्यांनी आलेली, केसाळ किंवा निळसर-हिरवट असेल, तर शंकाच नको. वरवरची बुरशी पुसून ओढणारे आहेत. मी ओढणार नाही. पेटवायच्या टोकातून आत शिरली असेल, तर सिगार सरळ फेकायचा. सुईने टोचल्यासारखी गोल छिद्रं म्हणजे तंबाखूचा भुंगा. ऊब मिळाली की त्याची अंडी फुटतात, म्हणून साठवणीचं तापमान २० अंशांच्या आसपास राखतात. छिद्रातून हवा शिरली, की झुरक्यात दम राहत नाही आणि चवीचा निकाल देण्यात अर्थ उरत नाही.

वय मोजतानाही गफलत होते. क्युबन पेटीच्या तळाशी कारखान्याच्या सांकेतिक अक्षरांसोबत महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मोजायचं तिथून, आपण पेटी विकत घेतली त्या दिवसापासून नव्हे. तो शिक्काही पेटी भरल्याचा. पान त्याआधी किती मुरलं होतं, हे त्यावरून कळत नाही.

‘सौम्य’ आणि ‘बेचव’ एकच समजणं

वयाबरोबर तंबाखूतला अमोनिया उडून जातो, मिरीसारखा झणका कमी होतो, चवीचे कोपरे गोल होतात. ज्यात लिगेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची जोरकस पानं भरपूर आहेत, तो सिगार यातून सुधारतो. मुळातच हलका असलेला काही वर्षांत बेचव होऊन बसतो. अशा रिकाम्या सिगारला मोठ्या नावाचा बँड (सिगारभोवतीची कागदी पट्टी) पाहून ‘काय नजाकत आहे!’ म्हणणं हा शौकिनांचा आवडता उद्योग. बँड काढून दुसऱ्या कुणाला तरी सिगार हातात द्यायला सांगा, शक्य असेल तर त्याच सिगारचा ताजा जोडीदारही. पेटी आली तेव्हाच एक ओढून नोंद केली असेल तर उत्तमच. आठवणीवर विसंबू नका.

एक गैरसमज मात्र गंभीर आहे: धूर मऊ लागतो म्हणून अपायही कमी. तसं नाही. धूर छातीत घेतला नाही, तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

पेटवताना पेट्रोलचा लायटर नको, ब्युटेन गॅसचा वापरा. जुना रॅपर ठिसूळ असतो, म्हणून तोंडात धरायच्या टोकावरच्या पानाच्या टोपीची कड संपते तिच्या अलीकडेच कापा, नाहीतर पान उलगडत जातं. झुरका मिनिटाला एक पुरे. भराभर ओढलेला कुठलाही सिगार तापून कडू होतो. थोडा धूर तोंडातूनच मागे वळवून नाकाने सोडला, तर जिभेला न कळलेले गंध कळतात. सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात मत बनवू नका. जुने सिगार सुरुवातीला बुजरे असतात आणि मधल्या भागात बोलायला लागतात.

आणि एका सिगारवरून अख्ख्या पेटीचा निकाल लावू नका. हाताने वळलेल्या मालात एखादा घट्ट वळला जातोच; ओढच लागत नसेल तर चव कळणार कशी? तो बाजूला ठेवून त्याच पेटीतला दुसरा काढा. सुरुवातीचे झुरके अमोनियाने नाकात झोंबत असतील, तर पेटी फार घट्ट बंद राहिली असावी. झाकण अधूनमधून उघडून हवा खेळू द्या आणि काही महिन्यांनी पुन्हा चाखा.