वाढत्या कुटुंबाचे मृत्युपत्र, कमी खर्चात

वकिलाचा वेळ मालमत्तेची जुळवाजुळव करण्यात गेला की खर्च वाढतो. म्हणून घर, ठेवी, विमा आणि कर्जे यांची यादी घरीच करून न्यावी. मुले अल्पवयीन असतील तर आपल्या पश्चात त्यांचा पालक कोण, हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा असल्याने त्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी आणि पर्यायी नावही लिहावे. मुलांच्या नावांपुढे ‘तसेच यापुढे जन्मणारी वा दत्तक घेतलेली अपत्ये’ एवढे शब्द घातले, की प्रत्येक बाळंतपणानंतर केवळ तेवढ्यासाठी नवा मसुदा करावा लागत नाही. साध्या मालमत्तेला छापील नमुना बहुधा पुरतो. सावत्र मुले किंवा सामाईक व्यवसाय असल्यास मात्र वकिलाच्या शुल्कात काटकसर करू नये. सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांपैकी कोणीही लाभार्थी किंवा लाभार्थ्याचा जोडीदार नसावा.